कुणीतरी नको म्हणा

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवलं ते ब्रेकमास्तरांनी, आणि उरलेल्या निम्म्यांना गाडीची भीती घातली तीही त्यांनीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा धीर सुटला तर वापरायचा, एवढ्यापुरताच तो दिलेला असतो. मास्तर धीर सुटण्याची वाट बघत नसत. समोर कुत्रं दिसलं की ब्रेक, आणि नाही दिसलं तर कुठून तरी येईलच म्हणून ब्रेक. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं गाडी फार सुंदर थांबवत. चालवायला मात्र बऱ्याच जणांना पुन्हा दुसऱ्या कुणाकडे जावं लागे.

हा ब्रेक ते संध्याकाळी गाडीबरोबर स्कूलमध्ये ठेवून घरी आले असते, तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण सवय ती सवय. बायकोच्या मनात एकदा घरी शिवणाचा क्लास काढायचं आलं. मास्तर नाही म्हणाले नाहीत. मास्तर कधीच कुणाला नाही म्हणत नसत, ते फक्त विचारत. "काढ की. पण येणाऱ्या बायका चपला कुठे काढतील?" बायकोने दोन दिवस जिन्याकडे आणि दाराकडे बघून काढले आणि क्लास तिथेच राहिला. मुलीला शिकायला दुसऱ्या शहरात जायचं होतं, तर मास्तर वसतिगृह बघून आले आणि म्हणाले, "छान आहे. फक्त जिन्याला कठडा नाही." मुलगी इथेच शिकली. घरात भांडण म्हणून कधी झालं नाही, याचा मास्तरांना कोण अभिमान.

निवृत्तीच्या दिवशी स्कूलमध्ये छोटासा निरोपसमारंभ झाला. स्कूलचा मालक वयाने मुलासारखा, पण तोंडाने फटकळ. भाषणात म्हणाला, "आता आपले मास्तर घरी बसून काकूंच्या स्वयंपाकाला ब्रेक लावणार." सगळे पोट धरून हसले. त्यात मास्तरांनी शिकवलेले लोक जास्त हसले. मास्तरांना ते झोंबलं. माइक हातात आला तेव्हा आभार मानायचे सोडून ते बोलून गेले, "मी परदेशात जाणार आहे. मोटरसायकलवर. एकटा."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे. टीव्हीवर असला एखादा दाढीवाला बघितला असेल. वर्षानुवर्षं मोटरसायकलवरूनच ते कामावर जात, पण शहराच्या हद्दीबाहेर त्यांनी ती कधी काढलेली नव्हती. घरी येताना मात्र ते अगदी निवांत होते, कारण पुढचं सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. बायको नको म्हणेल. मुलगी डोळ्यांत पाणी आणेल. आपण थोडं ताणून धरू आणि मग त्यांच्यासाठी मन मारू. त्यानंतर मरेपर्यंत चारचौघांत सांगता येईल की निघालोच होतो, पण हिने जाऊ दिलं नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली आणि म्हणाली, "जा की."

"अगं, परदेशात म्हणतोय मी. एकटा."

"ऐकलं मी. कधी निघताय?"

मास्तरांनी मग मुलीवर भिस्त ठेवली. मुलीने त्याच आठवड्यात पासपोर्टचं काम हाती घेतलं. आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून आणलं, भाड्याने मोटरसायकल देणारी जागा शोधली, मुक्कामाच्या खोल्या ठरवल्या. एरवी या घरात गॅसचा नंबर लावायचा तरी दोन दिवस चर्चा चाले. राहता राहिले डॉक्टर. मास्तर त्यांच्यासमोर गंभीर चेहरा करून बसले. "डॉक्टर, स्पष्ट सांगा. मी ऐकून घेईन."

डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे."

मास्तरांनी गुडघ्याचं नाव काढलं.

"गाडीवर बसलात की गुडघ्याला आरामच आहे," डॉक्टर म्हणाले. वर आपल्यासाठी तिकडचे फोटो पाठवायला सांगितले. आता सगळा भरवसा व्हिसावर होता. भल्याभल्यांचं घोडं तिथे अडतं, असं मास्तर बरेच दिवस ऐकून होते. त्यांचा व्हिसा वेळेआधी आला. बातमी ऐकून शेजारपाजारचे पेढे मागायला लागले, आणि मास्तरांना ते आनंदाने द्यावे लागले. आपल्याच तोंडाने आपण कुठे येऊन पडलो, हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं.

अशा रीतीने ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना थांबवलं, त्याला थांबवायला एकही माणूस सापडेना, आणि तो विमानात जाऊन बसला.

परदेशातली ती भाड्याच्या मोटरसायकलींची जागा शहराच्या टोकाला होती. मोठं डांबरी अंगण, कडेला पत्र्याची शेड, आत ऑइलचा ओळखीचा वास. मालकीणबाई साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, हात कोपरापर्यंत काळे. तिचं इंग्रजी मोडकं आणि मास्तरांचंही मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. तिने सांगितलं की परक्या माणसाला ती आधी अंगणात चालवायला लावते. प्लॅस्टिकच्या शंकूंमधून नागमोडी जायचं, इंग्रजी आठ काढायचा, शेवटी वेगात येऊन एकदम थांबायचं. पास झालात तर चावी, नाही तर पैसे परत.

मास्तरांचा चेहरा उजळला. नापास व्हायचं आणि घरी जायचं. दोष त्या बाईचा, नियम त्या देशाचा. आठ काढताना पाय खाली टेकवायचा, असं ठरवूनच ते गाडीवर बसले. पण बाई कमरेवर हात ठेवून बघायला उभी राहिली, आणि मास्तरांच्या अंगात मास्तर शिरला. परीक्षा म्हटल्यावर त्यांना चुकता येईना. पाय टेकवायचा विचार मनात आला की पाठ आणखी ताठ होई. नागमोडी निर्दोष, आठ गोल गरगरीत. शेवटी ते वेगात आले आणि रेघेवर असे थांबले की बाईने शेडमधल्या मेकॅनिकला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मास्तरांना तेवढं परत करून दाखवायला लावलं.

"असा ब्रेक मी अजून बघितला नाही," बाई म्हणाली. मास्तरांच्या हयातीत त्यांच्या ब्रेकचं झालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही नेमकं नको तेव्हा. चावी हातात पडली.

सामान बांधून ते फाटकापाशी आले. पलीकडे रस्ता होता, आणि त्यावर सगळी वाहतूक त्यांच्या सवयीच्या उलट्या बाजूने चालली होती. मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि बायकोला फोन लावला.

"मिळाली का गाडी?"

"मिळाली. पण इथे सगळे उलट्या बाजूने चालवतात गं."

"मग तुम्हीही तिकडूनच चालवा."

"वारा फार आहे."

"जाकीट घाला."

"हेल्मेट जरा सैल वाटतंय."

"पट्टा ओढून घ्या."

मग त्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "तू मला एकदाही नको का नाही म्हणालीस?"

मग बायकोनेही खरं ते सांगितलं.

"ओठांवर आलं होतं. त्याच दिवशी. मला भीती वाटते हो, तुम्ही गेल्यापासून धड जेवलेही नाहीये. पण तुमचा चेहरा बघितला आणि कळलं, तुम्ही त्याचीच वाट बघताय. मी नको म्हटलं असतं तर तुम्ही खुशाल घरी बसला असतात, आणि जन्मभर लोकांना सांगितलं असतंत, हिने जाऊ दिलं नाही. माझं जे जे राहिलं ते तुमच्यामुळे राहिलं, असं मी आजवर कुणाला सांगितलंय का? मग तुमचं राहिलेलं माझ्या नावावर कशाला?"

इतकी वर्षं आपण फक्त प्रश्नच विचारतोय असं मास्तरांना वाटत होतं. त्या प्रश्नांपायी काय काय राहून गेलं, ते कुणी मोजत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि ती फोनवर लपवायची सोय होती म्हणून बरं.

"यायचं असेल तर या," ती म्हणाली. "मी दार उघडेन. कुणाकडे एक अक्षर बोलणार नाही. पण नको वाटतंय, हे तुमचं तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"ते आल्यावर बोलू. आधी ठरवा."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या मागे एक ट्रक येऊन उभा होता. त्यालाही बाहेर पडायचं होतं, आणि मास्तर फाटकाच्या बरोबर मधे. दुसरीकडे कुठे हॉर्न वाजला असता, चार शब्द ऐकू आले असते आणि मास्तर त्या धक्क्याने इकडे किंवा तिकडे झाले असते. पण इथला ड्रायव्हर भला माणूस. त्याने इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि हसून मान हलवली, की सावकाश होऊ द्या.

मास्तरांनी एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, "नको." अंगणात ते कुणालाच समजलं नाही. स्वतःला मात्र ते इतकं खोटं ऐकू आलं की त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढला, गाडी सुरू केली आणि रस्त्यावर आले. भीती वाटत होतीच. पण ती आता त्यांची एकट्याची भीती होती, आणि तिचं खापर फोडायला मागच्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं.