'दृष्टी नॉर्मल' खाली माझी सही

"साहेब, तुमीच त लिहून देल्लं. नजर चांगली हाय म्हणून."

आपल्या अंगणात किसनभाऊंनी शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. 'दृष्टी नॉर्मल', खाली माझी सही. त्यांची सुमन सातवीत, वर्गात पहिली. रोज शाळेतून आली की कपाळाला फडकं आवळून पडायची.

"नजर चांगली, मंग डोकं काऊन दुखते? अभ्यासानं. आता अभ्यासच बंद. सोमवारी दाखला काढून आणतो." एवढं बोलून ते पुन्हा वांगी पोत्यात भरायला लागले. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हिंगणघाट तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नेत्र सहाय्यक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, शाळांच्या तपासण्या करायच्या.

चिठ्ठीवर माझा पूर्ण भरवसा, म्हणून जास्तच घाबरलो. नजर नॉर्मल आणि डोकं रोज दुखतं. पोरीच्या डोक्यात भलतंच काही तर नसेल? तडक डॉक्टरसाहेबांकडे गेलो.

"उलट्या? ताप?"

"नाही साहेब."

"मग आधी नजर परत बघ."

"मीच बघितली, साहेब. शेवटची ओळ वाचली तिनं."

"परत बघ म्हटलं ना."

राग आला. पण सोमवार डोक्यात होता. शनिवारी सकाळी शाळा गाठली. जुना अक्षरांचा तक्ता फाटायला आला होता, म्हणून स्टोअरमधून दुसरा घेतला. सहा मीटरवर खडूनं रेघ मारली, सुमनला उभं केलं, एक डोळा झाकायला लावला.

वरच्या दोन ओळी बरोबर. तिसरीपासून ती घडाघडा म्हणत सुटली, आणि त्यातलं एकही अक्षर समोर नव्हतं. ती जुना तक्ता म्हणत होती.

तेव्हा उमगलं. मागच्या वेळी वेळ वाचवायला मी अख्खा वर्ग भिंतीला रांगेत उभा केला होता. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. पावकी-निमकी तोंडपाठ असलेली पोरं ती. सुमनचा नंबर येईस्तोवर तक्ता पाठ झाला होता, आणि मी शहाणा खाली मान घालून शेरे लिहीत बसलो होतो.

"सुमन, खरं सांग. दिसतं का?"

ती रडायलाच लागली. "चष्मा लागला त बाबा शाळा बंद करतीन. चष्म्याच्या पोरीले कोनी पाहाले येत नाई, म्हंते आई."

आमच्याकडे बारीक भोक असलेली काळी चकती असते. तिच्यातून नीट दिसलं तर सहसा दोष नंबरचा असतो, मोठा आजार नसतो. ती डोळ्यापुढे धरली. सुमननं एकेक अक्षर लावत पाचवी ओळ वाचली. मी तिथंच बाकावर बसलो. एवढं हायसं मला क्वचितच वाटलं असेल.

संध्याकाळी किसनभाऊंकडे गेलो. "चूक माझी झाली, भाऊ. पोरीला नंबर आहे. डोळे बारीक करकरून फळा वाचते, म्हणून डोकं दुखतं."

"एक डाव चांगली म्हंता, एक डाव खराब. कोन्तं खरं मानू?"

"एक महिना चष्मा लावू द्या. नाही थांबलं तर दाखला काढा, मी आडवा येणार नाही."

"अन् लगन अडलं त?"

"डोकं धरून बसणाऱ्या पोरीचं अडत नाही का?"

किसनभाऊ बायकोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एक महिना. जास्त नाई."

तो महिना मी दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून शाळेत डोकावलो. पहिल्या आठवड्यात दुखणं होतंच. माझी झोप उडाली. तिसऱ्या आठवड्यात सुमनच्या आईनं फडक्याचं पोतेरं केलं. दाखला निघाला नाही.

त्याच वर्गातली पोरं मी पुन्हा तपासली. आणखी चार निघाली. चौघांच्याही कागदावर माझंच 'नॉर्मल'.

तेव्हापासून एका वेळी एकच पोर आत, बाकीचे दाराबाहेर, आणि पिशवीत तक्ते दोन. शिकायचं ते एवढंच होतं. पण त्याआधी दोन वर्षं मी तालुकाभर तशीच रांग लावत फिरलो होतो. जमेल तितक्या शाळांत परत गेलो. त्या दोन वर्षांतली सातवीची पोरं तोवर शाळा सोडून गेली होती. त्यातल्या किती पोरी डोकं दुखतं म्हणून घरी बसल्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.