रविवारी चिंचेरोला

दोमितिला रविवारी पथारी लावणार नाही, ही बातमी पिसाकच्या बाजारात पसरली तेव्हा लोकांना वाटलं, तिच्या घरी कुणीतरी गेलं. समोर लोकरीचे स्वेटर विकणारे फोर्तुनातो काका तर हॅट काढूनच माझ्या पावाच्या भट्टीपाशी आले.

"कोण गेलं गं, विसिता?"

"कुणी नाही गेलं. तिचा भाऊ येतोय लिमाहून. बायकोला घेऊन, चार दिवस फिरायला."

"मग त्याला आणून बसवावं की पथारीवर! जुलैतला रविवार म्हणजे काय खेळ आहे? स्वातंत्र्याची सुट्टी, अख्खा देश इथे लोटतो." काकांनी हॅट पुन्हा डोक्यावर चढवली. माणूस गेलं नाही म्हटल्यावर त्यांना रागच आला.

दोमितिलाला मी तीसेक वर्षं ओळखते. तिच्या मुलीची मी धर्ममाता, त्यामुळे ती मला कोमाद्रे म्हणते आणि मी तिला. बाजाराच्या भाजीच्या बाजूला, मोठ्या झाडाच्या सावलीत तिची पथारी. मका, घेवडा, औषधी पाला, कधी फुलं. उरुबांबाच्या वरच्या डोंगरातून ती लग्न होऊन इथे आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कुस्कोला नांदते. ह्या सगळ्या काळात तिने एकही रविवार चुकवला नव्हता. मुलीच्या लग्नातसुद्धा सकाळचं गिऱ्हाईक उरकून मगच ती चर्चमध्ये आली होती.

बाहेरून येणारे प्रवासी डोंगरावरच्या इंकांच्या भिंतींची वाट तिलाच विचारतात, कारण ती कोपऱ्यावर बसते. कुठल्याही भाषेत विचारा, ती आमच्या केचुआत आणि हातवाऱ्यांनी एकच सांगते, "वर गाडीने जा, खाली पायी या. उलटं कराल तर पायऱ्यांवर बसून रडाल." परतताना त्यातले निम्मे तिच्याकडून मका घेतात. पण स्वतः ती आमच्या डोंगरावरच्या जुन्या भिंतींपाशी सणाखेरीज कधी चढली नव्हती. माचू पिक्चू तर आम्ही दोघींनी कॅलेंडरवरच पाहिलेलं.

भावाचा फोन आला त्या दिवशी ती संध्याकाळी माझ्याकडे आली. आनसेल्मो म्हणाला होता, "ताई, कुठे जायचं, कुठे राहायचं, सगळं तूच ठरव. आम्हाला काय कळतंय." माणूस लिमात फ्रिज दुरुस्त करतो, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब.

कणीक मळायच्या फळीवर मी नुकतेच पाव काढून ठेवले होते. दोमितिलाने त्यातले चार उचलून ओळीने मांडले.

"हा पिसाक. शुक्रवारी येतील, नुसते झोपतील. भावजय समुद्रावरची आहे, इथल्या उंचीवर तिचं डोकं धरणार. हा ओयांतायतांबो, शनिवारी. तिथेच मुक्काम. सोमवारी तिथून गाडी पकडून माचू पिक्चू, हा तिकडे लांबचा. मंगळवारी परत."

"आणि हा मधला?" मी विचारलं.

"रविवार. चिंचेरो."

फोर्तुनातो काका भट्टीपाशी हात शेकत उभे होते. "चिंचेरो? अगं रविवारी तर इथलाच बाजार सगळ्यात मोठा! लोक लिमाहून ह्या बाजाराला येतात आणि तू तुझ्या माणसांना घेऊन दुसऱ्या बाजाराला जाणार?" असं म्हणत त्यांनी ओयांतायतांबो उचलला आणि खायला लागले.

"काका, तिथे त्यांचा मुक्काम आहे," मी म्हटलं.

"एक रात्र माझ्या पोटात राहतील," काका म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मी तिला खोदून विचारलं. इतक्या वर्षांत तिने जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी पाव पिशवीत भरता भरता सांगितलं.

आनसेल्मोच्या जन्माच्या वेळी त्यांची आई गेली. बाप कॉफीच्या मळ्यांवर कामाला गेला तो वर्षाकाठी एकदा दिसायचा. पोराला वाढवलं दोमितिलाने, तीच मुळी पोर. तो तीनेक वर्षांचा असताना त्याच्या छातीत कफ भरला. श्वास घेताना फासळ्या आत जायच्या. चुलत्याने दोघांना कुस्कोच्या ट्रकवर बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसवून दिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, दवाखान्यापाशी उतरव. फेब्रुवारी होता, म्हणजे आमचा भर पावसाळा. घाट चढून ट्रक चिंचेरोला आला आणि चिखलात रुतला तो रुतलाच. लोक ज्याच्या त्याच्या ओळखीने कुठे कुठे गेले. हिची कुणाची ओळख? ही भावाला पाठीला बांधून गारांमध्ये उभी.

"एक बाई आली. काही विचारलं नाही, गं. माझ्या पाठीवरून त्याला सोडलं नि चालायला लागली. मी तिच्या मागे पळत."

त्या बाईने पोराला चुलीजवळ निजवलं, छातीला चरबी चोळली, निलगिरीची वाफ दिली. दोन-तीन रात्री ती बसून राहिली आणि दोमितिला झोपली. इतकी झोपली की तिला अजून त्याची लाज वाटते. ट्रक निघाला तेव्हा बाईने स्वतःची शाल काढून पोराला गुंडाळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

"मी तिला साधं 'येते' म्हणाले नाही. ड्रायव्हर ओरडत होता ना. पुढे लग्न झालं, पथारी आली. चिंचेरोचा बाजार रविवारी, आपलाही रविवारी. दर वर्षी म्हणायचे, ह्या वर्षी जाईन."

"एरवीच्या दिवशी जायचंस की."

"एरवी कुणाच्या घरी काय म्हणून जायचं? बाजाराला आले म्हणजे मका घेऊन जाता येतं. रिकाम्या हाताने कशी जाणार?" मग म्हणाली, "आणि खरं सांगू, भीती वाटायची. नसेल तर? जाईपर्यंत ती असते ना आपली."

"नाव तरी माहीत आहे?"

"तोमासा. नवरा चर्चची घंटा वाजवायचा."

मी पण रविवारी येणार म्हणून सांगून टाकलं. माझा नवरा म्हणाला, "दोघी म्हाताऱ्यांना एकदम पंख फुटले." पण भट्टी सांभाळायला तयार झाला.

पाहुणे आले. रोक्साना म्हणजे भावजय, बोलकी, खळखळून हसणारी बाई, शुक्रवारी तिचं डोकं धरलंच. अंथरुणावरून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे हवा विकत मिळते का हो? दोन किलो द्या." दोमितिलाने तिला डोंगरी पुदिन्याचा काढा पाजला आणि दुसऱ्या दिवशी बाई उठून ओयांतायतांबोच्या पायऱ्या चढली. आनसेल्मो प्रत्येक टप्प्यावर बसत होता म्हणे, दगड कसे बसवलेत ते बघतोय असं दाखवत.

रविवारी पहाटे मी त्यांना उरुबांबाच्या स्टँडवर गाठलं. दोमितिलाने सणाची हॅट घातली होती आणि शेजारी नव्या पांढऱ्या मक्याचं पोतं. माझ्याकडे पावाची पिशवी.

"ताई, आपण फिरायला चाललोय की माल टाकायला?" आनसेल्मोने पोतं उचलताना विचारलं.

"उचल तू. तुला नंतर सांगते."

घाट चढल्यावर वारा एकदम बोचरा झाला, बर्फाची शिखरं अगदी अंगावर आली. चिंचेरोचा बाजार भरत होता. वरच्या गावच्या बायका बटाट्याचे ढीग लावून बसल्या होत्या आणि खालून मका घेऊन आलेल्यांशी ओंजळीस ओंजळ अदलाबदल चालली होती. रोक्साना विणलेल्या रंगीत पट्ट्यांपाशी अडकली. दोमितिलाने बाजाराकडे पाहिलंसुद्धा नाही. वर चर्चच्या चौकात, कोनाड्यांच्या एका जुन्या भिंतीसमोर ती थांबली आणि भावाला सगळं सांगितलं. मी जरा लांब उभी राहिले. आनसेल्मोला तो आजार ठाऊक होता, दवाखाना ठाऊक होता, हे मधलं काहीच नाही. तो पोतं खांद्यावर तसंच ठेवून ऐकत होता.

"आणि तू इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय, तू झोपलेला होतास."

रोक्साना येऊन मिळाल्यावर घंटावाल्याचं घर विचारलं तर एका बाईने लगेच बोट दाखवलं. म्हातारा कधीच गेला, म्हणाली, म्हातारी आहे. दोमितिलाने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

अंगणात उन्हात एक सुरकुतलेली, इवलीशी बाई बसली होती. थंडीत गोठवून वाळवलेल्या बटाट्यांची सालं काढत होती. सून आतून आली, आम्हाला बघून तिने बाक पुढे केला. दोमितिला बाकावर बसली नाही. म्हातारीसमोर गुडघे टेकून तिने तिचे दोन्ही हात धरले आणि मानाने 'दोन्या' म्हणून हाक मारली.

"दोन्या तोमासा, मी ट्रकमधली मुलगी. उरुबांबाच्या वरची. भावाला घेऊन आले होते, गारा पडत होत्या, तुम्ही आम्हाला घरी आणलंत."

म्हातारीने डोळे बारीक केले. "शिंप्याची पोर का तू?"

"नाही, दोन्या. माझा भाऊ आजारी होता."

"मग ती, बाळंत झालेली?"

"अहो, मी दहा-अकरा वर्षांची होते!"

"अगं बाई, दर पावसाळ्यात इथे ट्रक रुतायचे," म्हातारी म्हणाली. "कोण कोण येऊन निजलं, काय लक्षात ठेवू? एकदा तर एक बँडवाला आला होता त्याच्या ढोलासकट. तो आठवतो, कारण ढोल दारातून आत येईना." आणि तिने दोमितिलाच्या चेहऱ्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. आठवावं म्हणून खटपट करत होती, ते दिसत होतं. नाहीच आठवलं. "भाऊ जगला का गं?"

"हा काय, दोन्या."

म्हातारीने मान वर करून आनसेल्मोकडे पाहिलं. खांद्यावर पोतं, धाप लागलेली, पोट पट्ट्यावर आलेलं.

"ह्याला? ह्याला पाठीवर आणलंस तू?"

रोक्सानाला केचुआ येत नव्हती, पण तिला ते बरोबर समजलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग आम्ही सगळेच हसलो. दोमितिला हसत होती आणि रडतही होती.

"बरं, उठ आता. गुडघे दुखतील," म्हातारी म्हणाली. "बैस इथे. हातासरशी सालं काढ. तूही गं, पाववाली."

मग आम्ही तिघी सालं काढत बसलो. सुनेने त्याच बटाट्यांचं दाट सूप चढवलं. मक्याचं पोतं उघडल्यावर म्हातारीने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दातांखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "चांगलं पीक आहे." आनसेल्मोची केचुआ लिमात विरून गेली होती. तो बहिणीला म्हणाला, "ताई, तिला सांग की..." आणि उठला, कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि लाकडं फोडायला लागला. चार घावांतच धाप लागून तोंड उघडं पडलं.

"ठेव म्हणावं ती," म्हातारी म्हणाली. "नाहीतर पुन्हा पाठीवर न्यावं लागेल."

आम्ही निघालो तेव्हा दुपार कलली होती. ह्या खेपेला दोमितिलाने नीट निरोप घेतला. दारात उभी राहून म्हणाली, "येते, दोन्या तोमासा. आभारी आहे." म्हातारी म्हणाली, "ये बरं," जशी शेजारणीला म्हणावी तशी.

खाली उतरणाऱ्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले. मला राहवेना. "कोमाद्रे, तिला आठवलं नाही म्हणून वाईट वाटलं का गं?"

"आधी वाटलं," ती म्हणाली. "मी रोज तिचं नाव घेत होते आणि तिच्या लेखी ढोलवाला मोठा. पण मग बटाटे सोलताना वाटलं, म्हणजे आमचं नशीब चांगलं म्हणून आम्ही वाचलो, असं नव्हतं. कुणीही असतं तरी तिने नेलंच असतं. ते मला जास्त बरं वाटलं." जरा वेळाने म्हणाली, "सूप मात्र तेव्हाचंच होतं."

सोमवारी भावाने तिला जबरदस्तीने माचू पिक्चूला नेलं. परत आली तेव्हा अख्खा बाजार तिच्याभोवती जमला. "धुकं होतं. मग उघडलं. मग आम्ही खाली बसून नुसतं बघितलं," एवढंच म्हणाली. फोर्तुनातो काकांचं समाधान होईना. "आणि?" "आणि वर एक पथारी नाही हो. इतकी माणसं आणि मक्याचा दाणा मिळत नाही."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा रविवार ती चिंचेरोला जाते. मका नेते, वाळवलेले बटाटे आणते. त्या दिवशी तिची पथारी मी बघते, आणि तिची गिऱ्हाइकं कुरकुरतात की मी माप हात आखडून देते. नोव्हेंबरात पितरांच्या सणाला मी तोमासाच्या नवऱ्याच्या नावाने रीतीप्रमाणे बाळाच्या आकाराचा पाव भाजून दिला. गेल्या मे महिन्यात तर सून म्हातारीलाच गाडीत घालून इकडे घेऊन आली. दोमितिलाने तिला झाडाच्या सावलीत उशा लावून बसवलं. एका गिऱ्हाइकाने भाव पाडायला सुरुवात केली तर म्हातारी काठी आपटून म्हणाली, "ह्या पोरीने भावाला पाठीवर आणून वाचवलंय, हिच्याशी घासाघीस करतोस?" मग तिने ती हकीकत त्याला पहिल्यापासून सांगितली. त्यात रात्रभर बर्फ पडत होता, आणि नवऱ्याने मदत मागायला घंटा वाजवली होती.

बर्फही पडला नव्हता, घंटाही वाजली नव्हती. दोमितिलाने मान हलवली, "हो, दोन्या," म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला एक कणीस जास्त टाकलं.