चार कोपरे आणि मधलं झाड

माझ्या शेंदूरजन्याच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण मोजली नाही, आणि तरी त्यांचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नाही. लग्नाच्या मांडवात एक चक्कर मारून किती माणसं जेवायची राहिलीत हे ते सांगत, आणि आचारी निमूट तेवढ्यांचंच पीठ काढायला लावी. धंदाच तसा. संत्री झाडावर हिरवी असतानाच फळ किती निघेल ते ताडायचं आणि बागेचा सौदा करायचा. शिक्षण दहावी नापास, तेही गणितात.

मी मराठी घेऊन बी.ए. केलेली. अमरावतीच्या एका कॉलेजात एमबीएला प्रवेश मिळाला, पण वर्ग सुरू होण्याआधी गणिताची चाचणी होती. नापास झालं की प्रवेश गेला. पुस्तकात ‘एक मजूर तीन दिवसांनी काम सोडून गेला’ असं आलं की मी तो बिचारा का गेला असेल याच विचारात अर्धा तास घालवायची. मामा घरी आले, माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि आईला न विचारता मला एसटीत बसवून शेंदूरजन्याला घेऊन गेले.

पंधरा दिवस बागेत शाळा भरली. “सारी झाडं कायले मोजतं? चार कोपऱ्यातलं एकेक घे, मंधातलं एक घे,” असं त्यांचं सगळं गणित. आधी तोंडानं अंदाज सांगायचा, मग मोजायचं, आणि चुकलं की माझ्या वाट्याचा चहा मामांना. पहिल्या आठवड्यात ते इतका चहा प्यायले की मामींनी शेवटी मलाच झापलं. पाच झाडांची सरासरी जमली, तेव्हा मामा म्हणाले, “आता गळ काढ. झाडावर दिसते थे सारं आपलं नसते.” पिकण्याआधी किती फळं गळून पडतील, ते वजा करायचं. त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं, तर शेकडेवारी आणि संभाव्यता दोघीही ओळखीच्या निघाल्या. चाचणीत मी पास झाले, आणि काठावर नाही.

आता मी अकोल्याला नोकरी करते. मामांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. यंदा मी शेंदूरजन्याला गेले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बागेत आले आणि म्हणाले, सांग अंदाज. मी पाच झाडं पाहिली. गळ फार झाली होती. पण त्यांचा चेहरा इतका आतुर होता, की मला खरं सांगवेना. “यंदा मागच्यापेक्षा जास्त निघतील, मामा,” मी म्हटलं.

मामांनी चप्पल काढली आणि झाडाखाली अनवाणी चार पावलं टाकली. पायाखाली गळलेली फळं लागत होती.

“गळ नाई काढली तू,” ते म्हणाले. “तुया वाटचा चहा आता माया.”

घरी आल्यावर मी माझा कप त्यांच्या हातात दिला. मला रडू येत होतं, आणि ते मामींना सांगत होते की पोरगी अजून कच्चीच आहे, तिला आठ-दहा दिवस ठेवून घ्यावं लागेल.