चऱ्होलीच्या बाळूला थेंब का लागू होईनात?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. दिवसभर पाय तुटेस्तोवर हिंडलं की संध्याकाळी चपलांच्या धुळीबरोबर ते आपोआप घरात येतात. मग अंग दुखायचं राहतं, पण किस्से काही जात नाहीत!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पोलिओचे थेंब नवीन होते. तिकडं परदेशात म्हणे दोन-तीन डोसांत काम भागायचं. आपल्याकडं थेंब घेतलेल्या पोरांचेही पाय जात होते! औषध आपल्या पोरांच्या आतड्यात लागू होतंय की नाही, हे तपासायला आमची टीम होती. टीम म्हणजे काय, तिघंच. आमच्या डॉक्टरीणबाई, जीपवाले रशीदभाई आणि मी, सिस्टर. पिंपरीहून बर्फ भरून निघायचं आणि गावं धुंडाळायची. दुपारपर्यंत बर्फही वितळायचा आणि आम्हीही.

पुनावळ्यात एका आजोबांनी नातवाला मागं ओढलं. "पाय जात्यात आन् औषिद तोंडात? सुई मारा की!"

डॉक्टरीणबाईंनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. रोगाचा जंतू तोंडातूनच शिरतो, आधी आतड्यात बसतो, म्हणून पहारेकरी तिथंच बसवायचा. आजोबांनी मान डोलावली.

"पटलं, बाई. समदं पटलं. आता सुई मारा!"

मग वरून हुकूम आला की थेंबांच्या आधी तासभर आणि नंतर तासभर बाळाला अंगावर पाजायचं नाही. आईच्या दुधानं औषध मारलं जातं की काय, अशी शंका होती. हुकूम काढणाऱ्यांच्या घरात तान्हं पोर नसावं! देवळाच्या ओसरीवर जे काही आकांततांडव सुरू झालं, विचारू नका. एका बाईनं सरळ आपलं बाळ डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर टाकलं. "हुकूम तुमचा, तर रडनं बी तुमीच ऐका!" बघता बघता बाकीच्यांनीही तेच केलं. रशीदभाई जीपच्या काचा वर करून बसले.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघून ओरडल्या, "सिस्टर, पाजायला सांगा हो! विज्ञान थांबेल तासभर!"

थेंब गार ठेवायचे, हा तर आमचा गायत्री मंत्र. एकदा एका घरात मी जरा पाणी प्यायला वळले, तेवढ्यात म्हातारीनं बाटली उचलून देवघरात नेली. आधी देवाला, मग लेकराला! गेलो तर बाटली पेटत्या समईला टेकवून ठेवलेली. हात लावला तर कोमट! झालं, सगळं औषध फुकट गेलं. मला तर रडूच आलं.

डॉक्टरीणबाई उंबऱ्यावर बसकण मारत म्हणाल्या, "चला, निदान देवाला तरी आता पोलिओ होणार नाही."

आणि औषध लागू झालं का, हे कळायचं कशावरून? तर पोरांच्या शीवरून! औषध आतड्यात रुजलं की त्यातला कमजोर केलेला जंतू शीत सापडतो. आयांना झाकणाचे डबे द्यायचे, भरलेले डबे बर्फात घालून न्यायचे. शिकलेल्या बाईनं करायचं काम का हे, असं आमच्या सासूबाई रोज विचारायच्या. एकदा जीप बंद पडली आणि आम्ही त्या डब्यांची बर्फाची पेटी घेऊन बसमध्ये चढलो. फर्स्ट शिफ्ट सुटलेला एक कामगार शेजारी बसला होता. पेटीतून बर्फाचं पाणी गळताना बघून त्यानं विचारलं, "मासळी का, राव? ताजी हाय का?"

"बिलकुल ताजी, भाऊ," रशीदभाई म्हणाले. "आज सुबह की!"

डॉक्टरीणबाई पिंपरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

पण चऱ्होलीच्या बाळूनं आम्हाला रडकुंडीला आणलं. तीनेक वर्षांचं गोड पोर. त्याची मोठी बहीण सुमी, तिचा एक पाय पोलिओत गेलेला. त्यांची आई यशोदा दर वेळी माझा हात धरायची. "पोरीचं झालं ते झालं, बाई. ह्याचे पाय तेवढे राहू द्या."

बाळू शहाणा. रडणं नाही, थुंकणं नाही. थेंब पडले की तोंड घट्ट मिटून बाहेर पळायचा. सुमी मात्र लंगडत रांगेत यायची आणि आ करायची. "मला बी द्या की, बाई." मी म्हणायचे, "तुला आता उपयोग नाही गं, बाळा."

गावातल्या बाकी पोरांना हळूहळू थेंब लागू झाले. बाळूचा नमुना दर वेळी कोरा! यशोदा विचारायची, "माज्याच लेकराला का?" डॉक्टरीणबाईंनी दूध झालं, ऊन झालं, पोटातले दुसरे जंतू झाले, सगळं तपासलं. शेवटी डोक्याला हात लावला. मला तर यशोदेला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली.

पुढच्या फेरीला बाळूला थेंब दिले आणि फ्लास्कमधलं वितळलेल्या बर्फाचं पाणी ओतायला मी शाळेच्या मागं गेले.

भिंतीला टेकून सुमी बसली होती. बाळू तिच्यासमोर उकिडवा. जिभेवरचे थेंब बोटानं निपटून त्यानं ते बोट सुमीच्या तोंडात घातलं. सुमीनं डोळे मिटून गिळलं. मग दोघंही तिच्या वाळलेल्या पायाकडं बघत बसली.

मागं डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या. त्या सुमीशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, बाटली आणा. दोघांनाही द्या."

मी बाटली आणून बाळूसमोर बसले. "आ कर, राजा."

त्यानं मान फिरवली.

"आदी ताईला!"