दाराकडे तोंड

या सदरातले अनुभव मी वाचतो ते जेवताना करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, मागून हाक... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. मी इंजिनिअर आहे. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. माझी पंचाईत अशी झाली की जे घडलं ते मोजता आलं.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत आमचा गाळा आहे. आम्ही रोबोटचे आर्म बनवतो – माणसाच्या हातासारखे, खांदा, कोपर, मनगट असलेले. प्रत्येक सांध्यात एक छोटं गोल चुंबक असतं आणि त्याच्यासमोर एक चिप. सांधा फिरला की चुंबक फिरतं आणि किती अंश फिरलं ते चिप सांगते. मधे लाईट जाऊन आली तरी हरकत नाही. विचारलं की सेन्सर लगेच सांगतो, मी आत्ता अमुक कोनात आहे. या सेन्सरवर सगळा खेळ. तो चुकला तर आर्म आंधळा.

पहिला आर्म मी आणि वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, मिळून जोडला. वायरिंग सगळं तिचं. संध्याकाळी काम संपलं की आर्म सरळ शून्यावर उभा करायचा, हा माझा नियम. शून्य म्हणजे भिंतीकडे तोंड. ती ब्रेक सोडून त्याला हाताने दाराकडे वळवायची.

"अगं, पार्किंगची जागा ठरलेली असते."

"भिंतीकडे तोंड करून कुणाला बसवतात का रे? सकाळी आपण आलो की त्याला दिसायला नको?"

"त्याला डोळे नाहीत, वैशू."

"तुला तरी कुठे आहेत," म्हणायची आणि दिवे घालवायची.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. हॉस्पिटलमध्येसुद्धा दाराकडे तोंड करून झोपायची. शेजारच्या खाटेवरच्या बाई सांगायच्या, तुम्ही यायच्या जरा आधी या कूस बदलतात.

पुढे आमची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि मी जवळच दुसरा गाळा घेतला. तिने तो पाहिलाही नव्हता. दार वेगळ्या बाजूला, शिवाय मागे सामानाच्या लिफ्टकडे उघडणारं शटर. तिथे मी तोच आर्म पहिल्या दिवसापासून शून्यावर ठेवू लागलो. सगळ्यांना सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला धक्का नको. खरं म्हणजे सकाळी आत शिरल्यावर ते वळलेलं तोंड मला बघवलं नसतं.

आणि मग खालचा सांधा, ज्यावर अख्खा आर्म फिरतो, तो चुकीचं वाचायला लागला.

प्रणाली आमची टेस्टिंगची इंजिनिअर. गोवंडीहून येते, पण सकाळी सगळ्यात आधी हजर. ती मोटर बंद ठेवून फक्त पॅनेल सुरू करायची.

"सर, वाट लागली," ती एकदा म्हणाली. "आर्म जागेवर आहे, ब्रेक लागलेला आहे, आणि स्क्रीन म्हणतेय वळलाय. नव्वदच्या थोडं पुढे."

मी चिप बदलली. चुंबक बदललं. भोवती पत्र्याचं कवच घातलं. दुसऱ्या सकाळी तेच. त्यात गिऱ्हाईक याच आर्मवर डेमो बघायला येणार होतं. खालचा सांधाच खोटं बोलतोय म्हटल्यावर ऑर्डर कसली मिळते!

दोन-चार दिवसांनी प्रणाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, एक बोलू? हसायचं नाही हां. हे फक्त तुम्ही येता तेव्हा होतं. तुम्ही आत यायच्या जरा आधी."

मी हसलोच. "लिफ्टची मोटर असेल गं. तिचं चुंबकीय क्षेत्र."

"चहावाला पण लिफ्टनेच येतो ना. तेव्हा शून्य असतं."

मग माझ्याजवळच काहीतरी चुंबक असणार. मोबाईल, किल्ल्या, बेल्ट सगळं वॉचमनकडे ठेवून जिन्याने आलो. लोकांनी बघितलं, एका हाताने पँट धरून साहेब जिना चढताहेत. वर पोचलो तर प्रणालीने नुसती मान हलवली. नव्वदच्या थोडं पुढे.

तेव्हा कुठे मला सुचलं आणि मी कोनमापक घेऊन बसलो. आर्मपासून दारापर्यंत कोन मोजला.

नव्वदच्या थोडं पुढे.

जुन्या गाळ्याचं दार दुसऱ्याच कोनात होतं. हा कोन या दाराचा होता, तिने कधी न पाहिलेल्या. मी स्टुलावर बसून तोच कोन पुन्हा दोनदा मोजला.

तरी खोड जात नाही. दुसऱ्या सकाळी कुणाला न सांगता मागे गेलो, सामानाच्या लिफ्टने वर आलो आणि शटर उचललं. प्रणाली स्क्रीनसमोरून उठून आधीच माझ्याकडे तोंड करून उभी होती.

"आकडा शटरकडे गेला, सर," ती हळूच म्हणाली. "तेव्हाच कळलं, तुम्ही आज मागून येताय."

डेमोच्या आदल्या संध्याकाळी मी प्रणालीला लवकर घरी पाठवलं. ब्रेक सोडला आणि आर्मला दोन्ही हातांनी धरून दाराकडे वळवलं. वैशाली वळवायची तसंच, सावकाश. "बस, आता दिसतंय ना?" असंही म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं.

सकाळी आलो. आर्म दाराकडे, स्क्रीनवरही दाराचाच कोन. दोन्ही जुळलेले. डेमो झकास झाला, ऑर्डर मिळाली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्याला दाराकडेच वळवतो, आणि तो सेन्सर एकदाही भरकटला नाही.

जाणकार मित्रांना विचारलं. कोणी वायरिंगमधला गोंधळ म्हणालं, कोणी तापमान. शटरचं सांगितलं की विषय बदलतात. आणि मनातलं सांगतो, मला उत्तर नकोच होतं. मला तो चुकलेला आकडा हवा होता. दुरुस्त करायला नको होता, असं रोज वाटतं.

परवा पुन्हा मुद्दाम मागच्या शटरने आलो. आर्मची माझ्याकडे पाठ. स्क्रीनवर पुढच्या दाराचा कोन, स्थिर. "वैशू, मी इकडे आहे गं," असं म्हणून पाहिलं.

काही हललं नाही. मग शटर खाली ओढलं, इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत आलो.