भिंतीपलीकडचे संवाद

आम्हाला पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, राहायला येऊन दोन वर्षं झाली असतील. नवरा कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवत होते. गणपतीत मराठी मंडळासाठी मी एक-दोन विनोदी नाटुकली लिहून दिली होती, ती लोकांना आवडली होती. माझं लेखन म्हणजे एवढंच.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाच्या सेक्रेटरींचा मेहुणा मुंबईहून सिनेमा काढायला आला. तो दिग्दर्शक होता, त्याचे दोन सिनेमे आपटले होते आणि हा तिसरा विनोदी होता. त्यातल्या एका सिनेलेखकाला काही सुचेनासं होतं. निर्माता मागे लागतो, म्हणून तो बहिणीच्या टाउनशिपमध्ये येऊन लपतो. शेजारच्या क्वार्टरमधला माणूस दिवसभर काहीबाही बोलत असतो, ते भिंतीतून ऐकून हा जसंच्या तसं उतरवतो आणि त्यावर मोठा लेखक होतो. शेजारी पडद्यावर कधीच दिसत नाही, नुसता आवाज येतो.

"सगळं लिहून झालंय, फक्त तो शेजारी काय बोलतो तेच सुचत नाहीये," दिग्दर्शक आमच्या घरी येऊन म्हणाला. "निर्मात्याला दर पाच मिनिटांनी हशा हवाय. वहिनी, तुम्ही बघता का प्रयत्न करून?"

स्वतःच्या सिनेमातल्या लेखकासारखीच त्याची गत झाली होती, याचं मला हसू आलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरसमोर वही घेऊन बसले. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन वाजता पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि मी लिहायला लागले. थांबले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि अकरा पानं भरली होती. एकही खाडाखोड नव्हती. माझी नाटुकली मी दहा-दहा वेळा खोडायचे, पण या वेळी पुढचं वाक्य शोधावंच लागलं नाही. कुणी सांगतंय आणि मी उतरवून घेतेय, असं झालं. त्या वेळी मला त्याचा आनंदच झाला होता.

तो शेजारी घरातल्या वस्तूंशी बोलायचा, तेही कारखान्यातला फोरमन कामगारांशी बोलतो तसा. स्टोव्हला म्हणायचा, "काय, आज हजेरी लावणार की रजेवर?" शर्टाच्या सुटलेल्या बटणाला मेमो द्यायचा. कुकरला म्हणायचा, "चारच शिट्ट्या? पाचवी काय ओव्हरटाइममध्ये देणार?" दिग्दर्शक वाचताना पोट धरून हसला.

शूटिंगसाठी रिकामी क्वार्टर मिळाली होती. तिच्या भिंतीला लागून एक बाई राहायच्या, सगळे त्यांना काकू म्हणायचे. पन्नाशीच्या, मूळच्या उज्जैनच्या, दवाखान्यात कार्ड काढायच्या खिडकीवर बसायच्या. त्या एकट्या राहायच्या, पण कपाळावर ठसठशीत कुंकू असायचं. यजमान कुठल्या तरी साइटवर असतील, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे बऱ्याच घरचे पुरुष महिनोन्‌महिने साइटवर असायचे, त्यामुळे कधी विचारलंही नव्हतं. शूटिंगला त्यांनी आनंदाने होकार दिला. सकाळी कामावर जाताना म्हणाल्या, "मागचं आंगण वापरा बिलकुल. दार उघडंच असतं."

भिंतीपलीकडून आवाज यावा म्हणून दिग्दर्शक स्वतः काकूंच्या मागच्या अंगणात उभा राहून माझी पानं वाचत होता. इकडे नट कान लावून दचकत होता, लिहीत होता. मी रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली उभी होते. दोन वाजून गेले आणि काकू आल्या. फाटकावर हात ठेवला, तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, "काय, आज हजेरी लावणार की रजेवर?"

त्या तिथेच थांबल्या. मला वाटलं, हसतील. त्यांनी पदर सावरला, चपला काढून हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता पुढच्या दाराने आत गेल्या. थोड्या वेळाने मी डोकावले. ओट्यावर चहाचं आधण ठेवलेलं होतं, दोन कप काढलेले होते. काकू मागच्या दाराशी उभ्या राहून अंगणात बघत होत्या. अंगणात दिग्दर्शक होता, घामाने निथळत, हातात कागद घेऊन.

"हे लिहिलंय कुणी?" त्यांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि एक कप परत फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, तुम्ही यांना कुठं भेटलात?"

"कुणाला, काकू?"

"आमच्या घरच्यांना."

मी म्हटलं, "तुमच्या यजमानांना मी कधी बघितलंच नाही. ते साइटवर असतात ना?"

तेव्हा मला कळलं. सहा वर्षांपूर्वी ते पहिली पाळी करून घरी आले होते, डबा मोरीत ठेवला, "कोपऱ्यावरून दोऱ्याची रिळं घेऊन येतो" म्हणाले आणि गेले. सायकल घरीच होती. पोलिसांत कळवलं. काकूंच्या भावाने अशोका गार्डन वस्तीच्या बाजूला रुळांच्या कडेकडेने शोधलं, दवाखाने, धर्मशाळा पालथ्या घातल्या. जिवंत नाही की मेलेले नाही, काहीच सापडलं नाही.

"घरात असेच बोलायचे. स्टोव्हशी, बटणाशी. घराबाहेर एक शब्द नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असेल म्हणावं, तर ठाऊक कुणाला होतं?"

"मी मनाने लिहिलं, काकू. शपथेवर सांगते."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग सांगा, मला ते काय म्हणायचे?"

मला काय माहीत, असंच म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तोंडातून निघालं, "इनचार्ज."

काकू खुर्चीत मागे टेकल्या.   तो शब्द माझ्या अकरा पानांत कुठेही नव्हता.

"आता पुढचं लिहा," त्या हळूच म्हणाल्या. "आता कुठं आहेत ते."

मी नको म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. मग त्यांच्यादेखतच वही उघडली. पंधरा-वीस मिनिटं काही सुचलं नाही, आणि मला बरं वाटायला लागलं, की चला, सगळा योगायोग होता. मी पेन ठेवणारच होते, तेव्हा एक ओळ आली. ती लिहिताना अक्षर माझंच होतं, पण मला ती वाचावीशी वाटेना. काकूंनी वही ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली, "इथं कुणी हजेरी घेत नाही."

त्या रडतील म्हणून मी उठले. पण त्या हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "मग मजेत असतील," त्या म्हणाल्या. "हजेरीचा त्यांना भयंकर कंटाळा." पान फाडून, घडी करून त्यांनी कमरेला खोचलं आणि घरी गेल्या.

ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली. त्याचं म्हणणं, भिंतीला कान असतात तसे शेजाऱ्यांनाही असतात, मी कधीतरी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं असणार आणि विसरले असणार. मलाही ते पटायला हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यात सिनेमा पुरा झाला. मंडळाने एका रविवारी सकाळी गावातल्या थिएटरात त्याचा खेळ ठेवला. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. शेजाऱ्याचा आवाज मुंबईच्या कुणा आवाज देणाऱ्या कलाकाराने दिला होता, चांगला जाडाभरडा. पहिल्याच वाक्याला थिएटर खदखदून हसलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. सहाशे माणसं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यावर हसत होती आणि त्या मान हलवत ऐकत होत्या.

शेवटाकडे लेखकाला मोठं बक्षीस मिळतं, तो भिंतीला कान लावतो आणि पलीकडे सगळं शांत असतं, असं आम्ही ठरवलं होतं. पण शांत नव्हतं. तो आवाज म्हणाला, "इनचार्ज, मी जेवलोय. मागचं दार लावून घे."

लोक पुन्हा हसले. मी काकूंचा हात धरला. 

मध्यंतरात भेटलेला दिग्दर्शक खेळ संपल्यावर पुन्हा बाहेर दिसला. मी त्याला गाठून विचारलं, "ते शेवटचं वाक्य कुणी घातलं?"

"म्हणजे? तुमचंच ना ते? आवाजवाला म्हणाला, कागदावर आहे. मला तर फार आवडलं."

मुंबईला गेल्यावर त्याने ते कागद मला पोस्टाने पाठवले. माझी अकरा पानं, माझ्या अक्षरातली. ते वाक्य त्यांत नव्हतं. आवाजवाल्याला पुन्हा विचारून काय होणार होतं? त्याने काही भलतंच सांगितलं असतं तर? मी विचारायला लावलं नाही.

त्या रविवारी काकू परतीच्या सिटी बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या.  मग म्हणाल्या, "मागच्या दाराची कडी इतकी वर्षं लावलीच नाही हो मी. ती गंजून बसली असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ठोकाठोकीचा आवाज आला. टाउनशिपचा सुतार नवी कडी बसवत होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या आठ दिवसांसाठी उज्जैनला बहिणीकडे गेल्या. यजमान गेल्यापासून त्या घर सोडून एक रात्रही कुठे राहिल्या नव्हत्या. किल्ली माझ्याकडे दिली आणि कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. मी रोज सकाळी दहाला जायचे. मागच्या अंगणात ऊन असायचं. पाणी घालून झालं की मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबायचे, स्टोव्हसमोर. एकदा तर "काय, आज हजेरी?" असं मोठ्याने म्हणूनही बघितलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून घाईघाईने बाहेर पडले. 

दिग्दर्शकाचं पत्र आलं होतं, पुढच्या सिनेमाचे सगळे संवाद तुम्हीच लिहा म्हणून. त्याचा हा सिनेमा बरा चालला होता. मी कळवलं की शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात, जमणार नाही. परीक्षा संपल्यावर त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. पुढे गणपतीची नाटुकलीही मी सोडली.

त्या वेळी काकू आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा दुपार होती. बॅग दारातच ठेवून त्या माझ्याकडे किल्ली घ्यायला आल्या. चेहरा टवटवीत दिसत होता. बहिणीने दिलेला प्रसाद माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "बाई, घरात काही ऐकू आलं का?"

"नाही, काकू."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांनी किल्ली घेतली आणि आधी चहा ठेवा म्हणाल्या, फार दमलेय.