उस्तादाची जागा

मासे शोधायचं यंत्र घ्यायचं बाबांच्या मनात आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी नारायणगुड्याला एका तपासणी केंद्रात सोनोग्राफी करते. "तू माणसांच्या पोटातलं बघतेस, हे पाण्याच्या पोटातलं," ते म्हणाले. "तुलाच कळेल."

बाबा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. काका त्यांचे धाकटे भाऊ. छापखाना बुडाला, मग काकू गेली, तेव्हापासून ते बरकतपुऱ्याला आमच्याच घरी राहत होते. घरात त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. त्यांच्या खोलीतला पंखा किती वेगाने फिरवायचा हेसुद्धा बाबा ठरवत. रविवारी तलावावर मात्र सगळं उलटं व्हायचं. काका काठावर उभे राहून थोडा वेळ पाण्याकडे बघायचे, हात करून म्हणायचे, "दादा, इथं टाका," आणि बाबा मुकाट्याने तिथे गळ टाकायचे. तिथे येणारे सगळे काकांना उस्ताद म्हणत. बाबांना कुणी काही म्हणत नसे.

यंत्र मी मन लावून निवडलं. काका बसायचे त्या बाजूला पाणी जेमतेम कमरेइतकं. कोठीच्या बाजारातल्या दुकानदाराने आधी बोटीला लावायचं मोठं यंत्र काढलं. मी नको म्हटलं. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो टॉर्चच्या उजेडासारखा खाली जाताना पसरतो; खोल पाण्यात खोलीभर जागा दिसली तरी उथळ पाण्यात ताटाएवढीच दिसणार. शिवाय अगदी जवळचं दाखवणं हे अशा यंत्रांना सगळ्यांत अवघड जातं, ते मला रोजच्या कामामुळे ठाऊक होतं. म्हणून मी दोरीला बांधून पाण्यात फेकायचा एक चेंडू घेतला. त्याचा झोत रुंद होता, थोड्या पाण्यातही गवत आणि मासा वेगळे दिसत आणि चित्र फोनवर येई.

"सब लोगां कित्ता गहरा दिखता बोलके पूछते," दुकानदार म्हणाला. "कम पानी का पूछने वाले तुम पहले हैं, मॅडम."

बाबांनी एकच विचारलं. "म्हणजे तो बसतो तिथलं नीट दिसेल ना?"

मी हो म्हटलं.

त्या रविवारी यंत्र जोडून द्यायला मीही गेले. काकांनी नेहमीप्रमाणे अर्धवट बुडालेल्या दगडी बांधाकडे हात केला. बाबांनी तिथे गळ न टाकता चेंडू टाकला. फोनवर तळ दिसू लागला, सपाट आणि स्वच्छ. बाबांनी चेंडू बांधाच्या कडेने सावकाश ओढत आणला. एकही मासा नव्हता. मग त्यांनी आसपासच्यांना हाक मारली.

"आओ भाई, देखो. ये उस्ताद का खजाना."

चार-पाच जण जमले. फोन हातोहात फिरला.

"दादा, मासा काय एका जागी बसून राहतो का," काका हळूच म्हणाले. "येतो, जातो."

"मग इतकी वर्षं तू पाण्यात काय बघत होतास?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाबा गवताच्या पलीकडे गेले, चेंडू टाकला, फोन बघितला आणि तिथेच गळ टाकला. थोड्या वेळात हाताएवढी मरळ काठावर तडफडत होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं.

रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "डोकं त्याला वाढ. त्यालाच गरज आहे."

काकांनी काटे काढत काढत ते सगळं खाल्लं. "छान झालंय, वहिनी," एवढंच बोलले.

मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "आता पुरे करा."

"मी काय केलं? जे आहे ते दाखवलं."

पुढच्या रविवारी काकांनी आपला गळ घेतलाच नाही. बाबा म्हणाले, "तरी चल. उन्हात फोन नीट दिसत नाही." काका गेले. दुपारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते आणि काका मागे उभे राहून फोनवर छत्री धरत होते. तलावावरचे लोक त्यांना अजून उस्तादच म्हणत होते. "उस्ताद, छत्री जरा बाजू लेव," एकाने सांगितलं. बाकीचे हसले. काकांनी छत्री सरकवली. ऊन त्यांच्याच डोक्यावर आलं.

असे काही रविवार गेले. मग काकांनी मुलीकडे नांदेडला जायचं ठरवलं. काचीगुडा स्टेशनवर गाडीत बसवताना मी म्हटलं, "गळ पाठवून देऊ का? तिथे तर नदीच आहे."

"नक्को," ते म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत आईच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिले.

बाबा अजून दर रविवारी जातात. आता कुणालातरी पटवून छत्री धरायला लावतात. भरपूर मासे आणतात, शेजाऱ्यांना वाटतात. तलावावर त्यांना कुणी उस्ताद म्हणत नाही, सगळे साहेब म्हणतात. काकांचं कुणी विचारलं तर बाबा सांगतात, "त्याला कंटाळा आला."